बारका माल, स्वच्छ माल: स्ट्रॉबेरी वाईनच्या पहिल्या हंगामाच्या नोंदी

आमचं शेत पाचगणी-भिलार पट्ट्यात. 30 गुंठे स्ट्रॉबेरी, बांधाला तुती, ओढ्याकडेला जुनी जांभळं. शेत दादा बघतो, तोडा आणि निवड वहिनीकडे, वायनरी माझ्याकडे. ज्यांना स्वतःच्या फळाची वाईन करायची आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. दर आणि खर्च आमच्या हिशेबाचे आहेत.

सगळ्यात आधी परवाना. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवाना नसताना रस आंबवून दारू करणं गुन्हा आहे, मग ती घरच्या फळाची असो की विकतच्या. उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आणि अन्न सुरक्षेचा परवाना हातात आल्यावरच आम्ही पहिलं फळ चिरलं. जागेचा नकाशा, पाण्याचा अहवाल, ग्रामपंचायतीचे कागद यात एक अख्खा हंगाम गेला. तो वेळ आधीच धरून चाला.

28 सप्टेंबर

पावसाने उघडीप दिली आणि लागण सुरू केली. 16,500 रोपं, 11 रुपयांप्रमाणे 1,81,500 रुपये. बहुतेक विंटर डॉन आणि नाबिला या जातींची. चार गुंठ्यांत मात्र मुद्दाम कॅमारोसा लावलाय, वाईनसाठी. त्याचं फळ टणक असतं आणि आतपर्यंत लाल. जी जात वरून लाल आणि कापल्यावर आत पांढरी दिसते, तिच्या रसाला रंग येत नाही. बाजारात गिऱ्हाईक वरचा रंग बघतं, टाकीत आतला रंग उतरतो.

लागणीला दादा स्वतः बायांच्या मागून फिरतो. रोपाचा गड्डा मातीच्या बरोबरीने बसला पाहिजे. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळ्या उघड्या पडून वाळतात. आपल्या तांबड्या मातीत पहिल्या पाण्यानंतर बेड खचतो, म्हणून चार दिवसांनी पुन्हा एक फेरी मारून वरखाली झालेली रोपं नीट करावी लागतात. या फेरीचे पैसे वाचवू नका.

3 नोव्हेंबर

रोपं धरली. मल्चिंग पेपर टाकून झाला. पेपर तणासाठी असतो हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्यासाठी त्याचं मोठं काम म्हणजे फळ मातीला टेकत नाही. माती लागलेलं फळ धुवावं लागतं, आणि धुतलेलं फळ तासाभरात मऊ पडायला लागतं.

19 नोव्हेंबर

सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव म्हणून 2022 पासून सगळ्यांना ठाऊक झालं, पण या डोंगरात पेट्या ठेवणारी घरं आधीपासून आहेत. आमच्या पेट्याही अशाच एका घरच्या.

स्ट्रॉबेरीच्या एका फुलात शेकडो बारीक स्त्रीकेसर असतात. त्यातल्या जेवढ्यांना पराग मिळतो तेवढाच भाग फुगतो, बाकीचा आवळून राहतो. वाकडंतिकडं, चिमटलेलं फळ बहुतेक वेळा त्याचंच. सकाळी धुकं असलं की माशी पेटीबाहेर येत नाही, दहानंतर येते. त्यामुळे माश्या पेटीत परतल्यावर, संध्याकाळीच फवारणी करायची असं आता पक्कं ठरलं आहे.

वाकडं फळ पनेटमध्ये, म्हणजे बाजारात जाणाऱ्या छोट्या डब्यात, चालत नाही. वाईनला ते उत्तम चालतं. आमचा सगळा धंदा या एका फरकावर उभा आहे.

22 डिसेंबर

तोडा चांगला निघतोय. पहिल्या नंबरचा माल पनेटमध्ये भरून जातो, उरतो तो सेकंड. आपल्याकडे सेकंड म्हणजे एका क्रेटमध्ये पडलेलं सगळंच: बारकं, वाकडं, पाखरांनी टोचलेलं, दबलेलं, मऊ झालेलं, कडेला राखाडी लव आलेलं. पल्पसाठी, म्हणजे गर काढायला, आजवर हे असंच जायचं.

9 जानेवारी

20 लिटरची चाचणी केली ती याच सेकंड मालाची. फळ लगदा करून, साखर आणि यीस्ट घालून ठेवलं. आंबवण व्यवस्थित झाली, वासही सुरुवातीला छान होता. पण गाळून काढल्यावर दोन दिवसांत रस तपकिरी झाला आणि तोंडात जुन्या, दमट पोत्यासारखी चव राहिली.

कारण सापडलं ते फळातच. राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, फळात लॅकेस नावाचं विकर (एन्झाइम) सोडते. ते रंग खातं. साध्या तपकिरीपणाला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आपलं केएमएस, आवर घालतं. लॅकेस त्याला सहज दाद देत नाही. वीस किलोच्या क्रेटमध्ये बुरशीची मूठभर फळं असली तरी पुरे.

ओळखायची सोपी रीत: नवा रस किंवा वाईन पांढऱ्या काचेच्या ग्लासात अर्धी ओतायची, रात्रभर उघडी ठेवायची. शेजारी तीच वाईन गच्च भरून बूच लावलेल्या बाटलीत ठेवायची. सकाळी दोन्ही खिडकीपाशी धरून बघायच्या. ग्लासातली वरच्या कडेपासून चहासारखी झालेली दिसली की माल बुरशीचा होता असं समजा.

ते 20 लिटर नोंदवहीत लिहून ओतून दिले.

11 जानेवारी

निवडीची पद्धत बदलली. आता तोडतानाच तीन भांडी. पहिल्यात पनेटचा माल. दुसऱ्यात बारका आणि वाकडा, पण घट्ट, कोरडा आणि पूर्ण लाल. तिसऱ्यात टोचलेलं, मऊ आणि बुरशीचं, हे थेट शेताबाहेरच्या खड्ड्यात. बुरशीचं फळ रोपावर ठेवायचं नाही आणि ज्या हाताने ते तोडलं त्या हाताने चांगलं फळ तोडायचं नाही. वहिनीने तिसऱ्या भांड्यासाठी एक बाई वेगळीच दिली.

घरातल्या वडीलधाऱ्या आबांना पटत नव्हतं. "आगं, पल्पवाला समदं घेतोय की, तू का फेकायला लावतीस?" ग्लासातली तपकिरी वाईन दाखवल्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी क्रेटमधून बुरशीचं फळ त्यांनीच वेचून बाहेर काढलं.

तोड्याला यामुळे वेळ जास्त लागतो, आणि दिवसाची एक हजेरी वाढली. पण शेतातली फळकूज पंधरवड्यात डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली.

2 फेब्रुवारी

दुसऱ्या भांड्यातला माल रोज देठ काढून गोठवतोय. देठाच्या हिरव्या टोपीचा लगद्यात कच्च्या पाल्यासारखा वास उतरतो, म्हणून टोपी पूर्ण निघालीच पाहिजे. चाकूपेक्षा चमच्याच्या टोकाने काम लवकर होतं.

गोठवण्याचे दोन फायदे. एक, रोजचा थोडा थोडा माल साठवून एकदम मोठी टाकी लावता येते. दोन, उणे 18 ला गोठलेलं फळ वितळताना आपोआप फुटतं, रस आणि रंग सुटतो, दळावं लागत नाही. मिक्सर किंवा पल्पर स्ट्रॉबेरीला लावू नका. वरचे बारीक दाणे फुटले की कडवटपणा उतरतो आणि तो नंतर कशानेही जात नाही.

वीज गेली की जीव टांगणीला लागतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि झाकण उघडलं नाही तर माल बराच वेळ टिकतो. अर्धा रिकामा फ्रीझर लवकर सुटतो. म्हणून एक पूर्ण भरल्याशिवाय दुसरा सुरू केला नाही.

17 फेब्रुवारी

मोठी टाकी लावली. 500 लिटरची स्टीलची टाकी पलूसच्या बाजूने जुनी मिळाली. सांगली जिल्ह्यात तिकडे सरकारने द्राक्षाच्या वाईनसाठी पार्क उभारला, त्यामुळे त्या भागात जुनं सामान फिरत असतं. झाकणाचं रबर गेलेलं होतं, ते साताऱ्यातून नवं बसवलं. जुनी टाकी घ्याल तर आधी पाणी भरून रात्रभर ठेवा आणि खालचा कॉक पूर्ण उघडून बघा.

420 किलो फळ. वितळल्यावर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं शेकडा माप) 7.8, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका रस आंबट) 3.5. आंबटपणा पुरेसा होता, पाणी अजिबात घातलं नाही. 21 ब्रिक्सला न्यायला 70 किलो साखर लागली. हिशेब असा: 420 ला 13.2 ने गुणा आणि 79 ने भागा. 13.2 म्हणजे हवा असलेला ब्रिक्स वजा असलेला, 79 म्हणजे 100 वजा हवा असलेला. साखर एकदम घालू नका. अर्धी आज, अर्धी आंबवण जोर धरल्यावर.

केएमएस 38 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साधारण 50 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड. पेक्टिनेज, म्हणजे फळातलं चिकट पेक्टिन फोडणारं विकर, पाकिटावरच्या मात्रेने. मग 24 तास हात लावायचा नाही.

19 फेब्रुवारी

काल यीस्ट घातलं, आज काहीच हालचाल नाही. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कोमट पाण्यात भिजवलं होतं, फेसही आला होता. पण लगदा अजून 9 अंशांवर होता. ऊबेतून एकदम गारठ्यात गेलेलं यीस्ट निपचित पडतं.

टाकीभोवती कोमट पाण्याच्या कॅन ठेवून लगदा 18 अंशांवर आणला. नवं यीस्ट भिजवलं आणि त्यातच थोडा थोडा लगदा मिसळत तासाभरात बादलीभर विरजण केलं. दोन्हींच्या तापमानात दहा अंशांपेक्षा कमी फरक उरल्यावर ते टाकीत ओतलं. संध्याकाळी कडेने बुडबुडे दिसायला लागले. एक दिवस आणि यीस्टचं एक पाकीट गेलं.

22 फेब्रुवारी

सकाळी झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा वास. वहिनी दारातूनच मागे फिरली. घाबरायचं कारण नाही. यीस्टला नत्र कमी पडलं की असा वास येतो, आणि स्ट्रॉबेरीत नत्र मुळातच थोडं असतं. लिटरमागे पाव ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी) घातलं, तेही खाण्याच्या दर्जाचं. खताच्या दुकानातलं डीएपी यात कधीही वापरायचं नाही. नंतर रस खालून काढून वरून धारेने ओतला, म्हणजे वास उडून जातो. उद्या सकाळपर्यंत फरक पडेल. उरलेली साखरही आजच घातली.

लगदा सुती पिशव्यांत भरलेला आहे. पिशव्या वर तरंगतात, त्या दिवसातून दोनदा खाली दाबतो. बाजूचा रस 18 अंश असतो तेव्हा पिशवीच्या पोटात 24 सुद्धा होतं. थर्मामीटर पिशवीत खुपसूनच बघायचा. तापमान वाढलं की स्ट्रॉबेरीचा सुगंध वायूबरोबर खोलीभर दरवळतो. बरं वाटतं, पण तेवढा तो बाटलीतून कमी होतो. बर्फाच्या बाटल्या सोडून 18-19 वर धरलं.

24 फेब्रुवारी

वास गेला. पिशव्या बाहेर काढल्या. निथळून आलेला रस वेगळा, दाबून काढलेला वेगळा ठेवला. दाबलेल्या रसाचा शेवटचा भाग तुरट-कडू लागतो, तो मिसळला नाही. पांढऱ्याफट, मलूल झालेल्या चोथ्यात आता काही उरलेलं नाही, तो गांडूळ खताला गेला.

13 मार्च

हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजायची नळी, 0.996 वर थांबला. गाळावरून पहिल्यांदा उपसली. 350 लिटर. मद्यांश 11.6 टक्के.

रंग मात्र उतरतोय. फेब्रुवारीत डाळिंबी होता, आता विटकरीकडे झुकलाय. स्ट्रॉबेरीचा लाल रंग पेलार्गोनिडिन गटातला. तो मुळातच अल्पायुषी, हवा, उजेड आणि ऊब या तिघांनी लवकर जातो. यावेळी बुरशी नव्हती, ग्लासची चाचणी स्वच्छ आली. दोष टाकीतल्या रिकाम्या जागेचा. 500 लिटरच्या टाकीत 350 लिटर म्हणजे वर 150 लिटर हवा.

आजच 50 लिटरचे स्टीलचे केग, म्हणजे बंद पिंपं, आणून गळ्यापर्यंत भरले. पहिल्यांदा तळाशी कार्बन डायऑक्साइड सोडला, मग नळी तळापर्यंत घालून वाईन भरली. माझं स्पष्ट मत झालंय की टाकी घेताना आंबवणीची एक मोठी आणि साठवणीच्या अनेक लहान अशीच घ्यावी.

27 मार्च

बांधावरच्या तुतीची थोडी वाईन वेगळी करून ठेवली होती. ती जवळजवळ काळी जांभळी आहे आणि तिचा रंग टिकतो. शंभर मिलिच्या बाटल्यांत 3, 6 आणि 10 टक्के मिसळून आठवडाभर ठेवल्या. 10 ला स्ट्रॉबेरीचा वास दबतो, 3 ने फरक कळत नाही. 6 टक्के ठरलं. लेबलवर तुतीचं नाव येईल. कृत्रिम रंग घालायला कुणी सुचवलं होतं, ते आमच्या घरात कुणालाच मान्य नाही.

8 एप्रिल

रात्री गवे शेतात शिरले. सहा बेडचा पेपर फाटला, ठिबकच्या नळ्या तुटल्या. वन्यप्राण्यांच्या नुकसानीची भरपाई वन खात्याकडून मिळते, त्यासाठी पंचनामा होईपर्यंत काही आवरू नका, फोटो काढून ठेवा. दादा दिवसभर त्यातच होता.

16 एप्रिल

वाईन निवळत नाही. उजेडात धरली की दुधट झाक. गाळ बसायचा तेवढा बसलाय, म्हणजे हे पेक्टिन. तपासायला एक भाग वाईन आणि चार भाग रेक्टिफाइड स्पिरिट बाटलीत हलवून ठेवलं. काही मिनिटांत चिकट धागे आणि गोळे वर आले. पक्कं झालं.

फेब्रुवारीत पेक्टिनेज घातलं तेव्हा लगदा अगदी गार होता, विकराने पुरतं काम केलंच नाही. पुढच्या वेळी लगदा आधी 18-20 अंशांवर आणायचा, पेक्टिनेज नंतर. आता मद्यांश चढलेला असल्यामुळे त्याचं काम आणखी मंद होतं. पुन्हा मात्रा घातली आणि केग आठवडाभर 22 अंशांच्या खोलीत ठेवले.

29 एप्रिल

धागे यायचे बंद झाले. मग बेंटोनाइट, म्हणजे वाईन निवळायची बारीक माती, लिटरमागे 0.7 ग्रॅम. आदल्या दिवशी गरम पाण्यात भिजवून घोटलं, गुठळी राहिली की काम करत नाही. पाच दिवसांत तळाशी बसलं आणि वर वाईन काचेसारखी स्वच्छ. इतक्या महिन्यांनी बाटलीपलीकडचं अक्षर वाचता आलं तेव्हा वहिनीने सगळ्यांना बोलावून दाखवलं.

14 मे

बाटल्या भरल्या. अर्धी वाईन कोरडी ठेवली, अर्धीत लिटरमागे 30 ग्रॅम साखर. कोरडी स्ट्रॉबेरी वाईन बारीक आणि आंबट लागते. जेवणाबरोबर ती चांगली, पण पाचगणीला येणारे पाहुणे नुसती पितात, त्यांना थोडी गोड लागते.

गोड बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होण्याचा धोका खरा आहे. त्यासाठी यीस्टची वाढ रोखणारं पोटॅशियम सॉर्बेट लिटरमागे 200 मिलिग्रॅम आणि मुक्त सल्फर डायऑक्साइड 40 मिलिग्रॅम, आमच्या 3.5 पीएचला तेवढा लागतो. सॉर्बेट एकटं कधीच घालू नका. सल्फर कमी असताना जिवाणूंनी सॉर्बेट खाल्लं की जिरॅनियमच्या पानासारखा वास येतो आणि ती वाईन वाचत नाही. बाटल्या हिरव्या काचेच्या घेतल्या. पारदर्शक बाटलीत रंग सुरेख दिसतो, पण दुकानाच्या उजेडात टिकत नाही.

435 बाटल्या झाल्या. खर्चाचा हिशेब: फळ पल्पच्या दराने, 40 रुपये किलो, 16,800. साखर 3,010. देठ काढायच्या 9 हजेऱ्या 3,375. यीस्ट, विकरं आणि इतर 2,600. बाटली, बूच, लेबल मिळून नगाला 62, म्हणजे 26,970. वीज आणि बर्फ 4,000. एकूण 56,755, बाटलीमागे साधारण 130 रुपये. यात परवाना फी, टाकी, कर आणि घरच्यांची मजुरी धरलेली नाही.

हा हिशेब आबांसमोर वाचला. काच आणि बूच फळापेक्षा महाग पडलंय. चांगलं, निवडलेलं फळ 40 ऐवजी 60 रुपयांना धरलं तरी बाटलीमागे 19 रुपये वाढतात. म्हणजे सडक्या मालात पैसे वाचवायला जाऊन 62 रुपयांची बाटली वाया घालवायची, याला काही अर्थ नाही. पुढच्या हंगामात वायनरीने शेताला दुसऱ्या भांड्याच्या मालाचे किलोला 60 द्यायचे असं ठरलं, आणि निवडणाऱ्या बाईची हजेरी इतरांपेक्षा जास्त.

11 जून

मदर प्लांट, म्हणजे ज्यांपासून पुढची रोपं करायची ती झाडं, नर्सरीत लागले. कॅमारोसा चार गुंठ्यांवरून दहावर नेणार आहोत. जांभळं पडायला लागली आहेत, रोज पाटीभर गोळा करून बिया काढून गोठवतो. रंगासाठी तुतीऐवजी जांभूळ कसं चालतं ते पुढच्या टाकीला बघू. जांभळाला तुरटपणा आहे, तेव्हा चाचणी 2 टक्क्यांपासून.

गोड वाईनच्या बाटल्यांची बुचं आज एकेक हाताने तपासली. एकही वर सरकलेलं नाही. ऑगस्टपर्यंत दर पंधरवड्याला बघणार आणि मगच माल बाहेर काढणार.